‘घरच्या घरी जेल बफर’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक,

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, हे आधी सांगतो. इतरांसाठी थोडक्यात: जेलमध्ये वीज सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करायला बफर लागतो, म्हणजे पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) सावरून धरणारं द्रावण. तो टाकणखार आणि कॅरमच्या बोरिक पावडरीपासून घरी कसा करायचा, हे मी त्या लेखात लिहिलं होतं. त्यावर या वाचकांचं म्हणणं: कॅरमच्या पावडरीत स्टार्च असतो, माझ्या बफरमध्ये ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) नाही, पोरांच्या हातात बोरेट देणं धोक्याचं, आणि शेवटी हे रत्न: ‘पीएच मीटर नसताना बफर करणं हा शुद्ध पोरखेळ आहे. लॅबचं तोंड न पाहिलेल्यांनी असले उद्योग शिकवू नयेत.’

स्टार्चचं मान्य. काही पावडरींत तो असतो. केमिस्टकडची बोरिक पावडर घ्या, लेखात तसं टाकलंय. झालं समाधान?

आता ते रत्न. अहो, माझी उमेदीची वर्षं रबाळे एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत गेली. सकाळच्या पाळीचं पहिलं काम म्हणजे पीएच मीटर कॅलिब्रेट करणं. ४, ७ आणि ९.२ च्या बफर कॅप्सूल यायच्या. त्या ९.२ च्या बफरमागे कोण असतो, कधी चौकशी केलीत? टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स! त्याचं ०.०१ मोलर द्रावण, म्हणजे लिटरला ३.८१ ग्रॅम, २५ अंश सेल्सियसला ९.१८ पीएच देतं. मीटर खरं बोलतोय का, हे त्याच्यावरून ठरतं. आणि तुम्ही त्याच टाकणखाराकडे मीटरचा दाखला मागताय.

टाकणखार पाण्यात विरघळला की बोरिक आम्ल आणि बोरेट साधारण समसमान होतात, त्यामुळे वजनात थोडं इकडेतिकडे झालं तरी पीएच फारसा हलत नाही. माझ्या कृतीत लिटरभर डिस्टिल्ड वॉटरला १.९ ग्रॅम टाकणखार आणि १.१ ग्रॅम बोरिक पावडर आहे. पीएच साडेआठ ते नऊच्या दरम्यान येतो. वीज सोडली की धन टोकाला आम्ल आणि ऋण टोकाला अल्कली तयार होत राहते, ती सावरायची एवढंच बफरचं काम. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंतचा पीएच डीएनए विचारत नाही, तुम्ही विचारता. (लाही केलेला, म्हणजे भाजून फुलवलेला टाकणखार मात्र घेऊ नका, त्यातलं पाणी उडालेलं असतं आणि माप चुकतं. मी जांभळी नाक्याच्या बाजूला काष्ठौषधीवाल्याकडून घेतो, तिथे कच्चा म्हणून मागावा लागतो.)

तुम्ही कुठल्या लॅबमध्ये आहात ते लिहिलं नाहीत. नाव लिहायचीही तसदी घेतली नाहीत. दुसऱ्याला पोरखेळ म्हणणाऱ्याने निदान तेवढं तरी करावं, अशी आमच्या ठाण्यात रीत आहे.

ईडीटीएबद्दल: ब्रॉडी आणि कर्न यांनी २००४ मध्ये ‘बायोटेक्निक्स’मध्ये सोडियम बोरेटचा जो बफर मांडला, त्यात ट्रिसही (नेहमीच्या जेल बफरमधलं रसायन) नाही आणि ईडीटीएही नाही. वर तो कमी तापतो. पुढचं त्यांच्याशी भांडा.

राहिला धोका. वेगळी भांडी, हातमोजे, मोठं माणूस जवळ, सगळं लेखात आहे. डीएनए दिसावा म्हणून रंगासाठी मत्स्यालयाच्या दुकानातलं मिथिलीन ब्लू वापरा आणि एथिडियम ब्रोमाइड हा लॅबमधला घातक रंग घरात आणूच नका, हेही ठळक अक्षरांत आहे. तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत.