गॅस संपला म्हणे!

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या एसीला खोकला होतो आणि मेकॅनिकला एकच निदान सुचतं, "साहेब, गॅस संपलाय." अरे बाबा, तो एसी आहे, स्वयंपाकाचं सिलिंडर नाही! बंद तांब्याच्या नळीत तोच गॅस गोल गोल फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. मग आधी गळती शोध ना! जोडावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे दिसतात, दोन मिनिटांचं काम. पण नाही. तीन हजार घेणार, गॅस भरणार, पुढच्या एप्रिलला पुन्हा हजर.

यंदा तर पाणी थेट गादीवर. तरी निदान तेच! शेवटी मीच स्टुलावर चढलो. जाळी काढली तर तिच्यावर गोधडीएवढी धूळ. बाहेरच्या ड्रेन पाइपात जोरात फुंकर मारली आणि भस्सकन हिरवट, बुळबुळीत शेवाळाचा गोळा बाहेर पडला, खाली वाळत घातलेल्या काकूंच्या चादरीवर. (ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.) पाणी थांबलं, गारवा आला. खर्च शून्य.

आणि घरातले? १६ वर लावून दुलई घेऊन झोपतात. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही हो, फक्त कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही! २४ वर ठेवतो, पंखा लावतो. पाच मिनिटांत रिमोट गायब.