खुलासा : दारू प्यायली तरी एआरटीची (एचआयव्हीच्या उपचाराची) गोळी चुकवू नका

‘दारू पिणाऱ्यांनी किंवा डिप्रेशनचं औषध चालू असलेल्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या थांबवाव्यात, नाहीतर लिव्हर जातं’ असा मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे जिवाला धोका आहे.

एचआयव्हीच्या सध्याच्या टीएलडी गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर असतं. दारूमुळे या गोळीचं विष होत नाही. दारूनं लिव्हर बिघडतं हे खरंच, पण डोस चुकले की विषाणू वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. व्यसन सुटेपर्यंत एआरटी रोखू नये, हीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन ही डिप्रेशनची औषधं टीएलडीसोबत चालतात. जपायचं ते कार्बामाझेपिनला. फिट्स आणि मूडसाठी देतात ते. त्यानं डोल्युटेग्रॅव्हिरची रक्तातली पातळी घटते, म्हणून ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ आणि एआरटी केंद्र, दोघांनाही सगळी औषधं दाखवा.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

हेल्पलाइन : एचआयव्हीबद्दल १०९७, मनाच्या त्रासासाठी १४४१६, दोन्ही मोफत. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.