जुन्या लाकडी स्कीला पॉलिशपेपर लावू नका

अमेरिकेत मिनियापोलिसला असलेल्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "ताई, कितव्या नंबरचा पॉलिशपेपर आणू?" कुणाच्या तरी घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्याने लाकडी स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायाला बांधायच्या लांब फळ्यांची, जोडी घेतली आहे. फॉरवर्ड म्हणतो: अशा स्की व्हायकिंगांच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींच्या, काळातल्या. अस्सल स्की एकाच लाकडातून हाताने कोरलेली, थर दिसले तर नकली. वाक असेल तर वजनाखाली दाबून सरळ करा, मग घासून पॉलियुरेथेन (चकचकीत प्लास्टिकसारखं व्हार्निश) मारा, किंमत पाचपट. हे डोळे मिटून पुढे पाठवणाऱ्यांनी निदान सोबतचा फोटो तरी नीट बघायचा होता.

त्या फोटोतल्या स्कीला स्क्रूने बसवलेल्या पोलादी कडा आहेत. अशा कडांचं पेटंट ऑस्ट्रियातल्या झाल्त्सबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२६ साली घेतलं. इथेच व्हायकिंग संपले. खरोखर तेवढी जुनी स्की कशी असते ते नॉर्वेत डिगरवार्डन डोंगरावरच्या बर्फाने दाखवलं आहे. तिथे २०१४ मध्ये एक स्की मिळाली आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार. दोन्ही सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे व्हायकिंग काळाच्याही थोड्या आधीच्या. दुसरी १८७ सेंटिमीटर लांब आणि १७ रुंद. पहिली तिच्याहून १५ सेंटिमीटर आखूड. पाय बांधायला बर्च झाडाच्या पिळलेल्या डहाळ्या आणि चामडं. वापरून झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या. त्या खुणांवरून त्या भरपूर वापरल्या होत्या हे कळतं.

थरांचं म्हणणं तर उलटंच आहे. हाताने कोरलेल्या अखंड स्की होत्या, हे मान्य. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतल्या टेलेमार्कसारख्या भागात शेतकरी त्या घरीच करत. आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जाणारा, तिथल्याच मॉर्गेडाल गावचा सोंद्रे नॉरहाइम त्यातलाच. पण १९३० च्या दशकात नॉर्वेच्या 'स्प्लिटकाइन' कंपनीने लाकडाच्या पट्ट्या चिकटवून स्की बनवल्या, त्या हलक्या आणि मजबूत होत्या म्हणून. थर दिसणं ही त्या काळातल्या चांगल्या कामाची खूण आहे. अखंड लाकडाच्या स्कीही नंतर कारखान्यात बनतच होत्या. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये १९११ साली ख्रिश्चन लुंडने 'नॉर्थलँड' ही स्की बनवणारी कंपनी सुरू केली. तिथे वापरलं जाणारं हिकरी हे अमेरिकेचं लाकूड. नॉर्वेचे कारागीरही ते तिथूनच मागवत.

आता ज्याने खरं नुकसान होतं ते. स्की जमिनीवर ठेवली की मधोमध उचललेली दिसते. तो बिघाड नाही. ती कमान मुद्दाम दिलेली असते, म्हणजे माणूस उभा राहिला की भार टोकांपर्यंत पसरतो. वजनाखाली दाबाल तर कारागिराने दिलेली हीच गोष्ट घालवाल. जुने लोक उलट करत: दोन्ही स्की तळाला तळ लावून टोकांशी बांधायच्या आणि मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा.

आणि घासणं! 'नॉर्थलँड'च्या स्कीवर हरणाच्या डोक्याचं चित्र असतं, कुठे लांबीचा आकडा, कुठे लाकडाचं नाव. कुणी बनवली, हे कळायला बहुतेक वेळा तेवढंच उरलेलं असतं. आजीच्या पितळी डब्यावर कोरलेलं नाव कानशीने काढून टाकावं, तसं हे आहे. जाणकार गिऱ्हाईक आधी ते चित्रच शोधतो. पाचपट किंमत बाजूलाच राहिली. तळाला मुरलेलं, पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबरही असंच खरवडलं जातं. लाकडात पाणी शिरू नये आणि वर मेण धरावं म्हणून ते तापवून जिरवलेलं असतं. पॉलियुरेथेन नुसतं वर बसतं आणि पुढे पोपडे धरतं.

भावाला सांगितलं ते असं: मऊ ब्रशने धूळ काढ, किंचित ओलसर फडक्याने पूस, चित्राला हात लावू नकोस. लाकूड फारच कोरडं वाटलं तर उकळलेल्या जवस तेलाचा अगदी पातळ हात दे आणि जास्तीचं लगेच टिपून घे. ते फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवस तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून पूर्ण वाळव, मगच फेक.