माजघराची भिंत झाकायची की नाही

गेल्या रविवारी दादाचा नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. माजघराची मागची भिंत मोरीला लागून आहे आणि दर पावसाळ्यात तिचे पोपडे सुटतात. 2027 च्या सिंहस्थाला घर पाहुण्यांनी भरणार, त्याआधी ही भिंत एकदाची नीट करायची, असं घरात ठरलंय. ठेकेदाराने उपाय सांगितला: भिंतीवर लोखंडी फ्रेम, मध्ये थर्माकोल, वरून पीव्हीसी पॅनल. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार आणि ओल दिसणारही नाही. वहिनीला पसंत आहे. दादा म्हणाला, "तुमच्याकडे जर्मनीत सगळे हेच करतात ना?"

करतात. आम्हीही केलंय, आणि म्हणूनच मी नको म्हणतेय.

लाइपझिगमधली आमची इमारत शंभर वर्षांहून जुनी. दर्शनी भाग जतन करायचा असल्याने बाहेरून काही लावता येत नाही, थंडी अडवायची ती आतूनच. आधीच्या मालकाने झोपायच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला थर्माकोल चिकटवून वर जिप्समचा बोर्ड मारला होता. दुसऱ्या हिवाळ्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. बोर्ड उचकटला तर त्याची पाठ काळीकुट्ट. मागे हात घातला, तर माठ पाझरावा तशी भिंत ओली. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधं आहे. बाहेर शून्य आणि खोलीत 20 अंश असताना तिथल्या उघड्या विटेच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग 16 अंशांच्या आसपास असतो. आतून सहा सेंटीमीटरचा थर चढवला की घराची ऊब वाचते, भिंतीतून होणारी गळती साधारण एक तृतीयांशावर येते. पण थरामागची भिंत सहा अंशांपर्यंत उतरते. 20 अंशांच्या हवेत 50 टक्के आर्द्रता असेल तर नऊ अंशांनाच तिचं दव होतं. म्हणजे स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासाची वाफ फटीतून मागे गेली की तिथे पाणी होऊन बसते. आम्ही पुन्हा काम केलं तेव्हा गवंड्याने आधी छताची पन्हळ दुरुस्त केली. मग लाकडाच्या तंतूंचे बोर्ड मातीच्या गिलाव्यात, मागे बोटभरही पोकळी न ठेवता, सबंध चिकटवले. हे बोर्ड ओल शोषतात आणि खोलीकडे परत सोडतात.

आता नाशिक. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पहाटे 22-23 वर येतो. आमची भिंत जवळजवळ दोन फूट जाड, वीट आणि मातीची. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की ती निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर गारवा देते. वहिनी जेवणानंतर चटई टाकून ह्याच भिंतीला पाठ लावून पडते. मध्ये थर्माकोल आलं की तो गारवा पॅनलच्या मागेच राहणार. खिडक्या बंद करून एसीत राहणाऱ्यांना आतला थर उपयोगी पडेलही, पण माजघरात एसी नाही. आमच्या घरात खरा उकाडा वरून येतो. कौलं काढून घातलेल्या पत्र्याखाली लाकडी छत आणि मध्ये वारा खेळायला जागा केली, तर पैसे कामी येतील.

ओलीचं तर वेगळंच. ती मोरीच्या गळक्या पाइपातून येते, आणि चुन्याच्या जागी मागे कधीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा तिला वाळू देत नाही. वाड्याचे सागवानी खांब भिंतीतच चिणलेले आहेत. पॅनलमागे त्यांना वाळवी लागली तर कळणार कधी? दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. ज्या भिंतीचं अंग दिसत नाही, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

दादा चिडला. "तू वर्षातून तीन आठवडे येतेस. पोपडे रोज आम्ही झाडतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधून दाखव. पॅनल दोन दिवसांत लागतं." त्याचं म्हणणं खरं आहे. लांब राहून वाड्यावर माया करणं सोपं, त्यात राहणं कठीण. म्हणून चुन्याचा आणि छताचा खर्च मी उचलणार, हे मी त्याच वेळी सांगितलं. पण एक गोष्ट मला खरंच सलते. इथे घराला थर लावण्याआधी सल्लागाराला भिंत दाखवता येते, त्याच्या फीला सरकारचं अनुदान मिळतं. नाशकात जो पॅनल विकतो, तोच सल्ला देतो. महापालिकेला नोटिशीबरोबर जुन्या बांधकामाचा एखादा जाणकार पाठवता आला, तर किती वाडे वाचतील.

शेवटी ठरलं ते असं: आधी पाइप बदलायचा, मग सिमेंट खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवायची, चुना त्यानंतर. काल दादाने फोटो पाठवला. हातभर गिलावा काढलाय, आत विटा काळपट ओल्या दिसतायत. ओलीच्या कडेला त्याने खडूने रेघ मारलीय आणि बाजूला तारीख लिहिलीय.