पंखा नसलेल्या ऑडिओ केसविषयीच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसला दोन तारे देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसते ‘पाय’) आणि त्यावरचा डॅक हॅट, म्हणजे डिजिटल संगीताचे ऐकण्याजोग्या संकेतात रूपांतर करणारा जोडबोर्ड, या केसमध्ये बसवल्यावर केस चटका बसेल इतकी तापते, आतला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) फारच बुटका आहे, पंख्यासाठी जागा ठेवलेली नाही, बाहेरून आणलेला पंखा लावताच आवाज येणे बंद झाले आणि वाय-फाय वारंवार तुटते, असे आपले म्हणणे आहे. यांपैकी वाय-फायची तक्रार रास्त आहे. बाकीच्या गोष्टींना मात्र केसचा दोष म्हणणे आम्हांस पटत नाही, आणि ऑडिओसाठी केस शोधणाऱ्या इतरांनाही हेच प्रश्न पडत असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

संगीत चालू असताना आपल्याला ६४ अंश सेल्सिअस तापमान दिसले. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश गाठेपर्यंत उष्णतेमुळे आपला वेग कमी करत नाही. तेथून पुढे तो टप्प्याटप्प्याने मंदावतो आणि ८५ अंशांना अधिक कडक मर्यादा लागू होते. म्हणजे आपल्या यंत्राजवळ पंख्याविनाही १६ अंशांची मोकळीक शिल्लक आहे. केस बाहेरून गरम लागते, कारण प्रोसेसरवर थर्मल पॅडने टेकलेला ठोकळा उष्णता भिंतींपर्यंत नेतो आणि भिंती ती हवेत सोडतात. या केसचे काम तेच आहे. शिवाय धातू आपली उष्णता हाताला झटपट देतो, त्यामुळे तितक्याच तापमानाच्या प्लास्टिकपेक्षा तो कितीतरी अधिक तापलेला भासतो. बंद प्लास्टिकची केस हाताला कोमट लागली असती, परंतु आतला प्रोसेसर त्या वेळी जास्त तापलेला असता. म्हणून केसला हात लावून निष्कर्ष काढण्यापेक्षा प्रोसेसरचे तापमान आणि थ्रॉटलिंगची, म्हणजे तापल्यामुळे वेग घटल्याची, नोंद पाहावी, असा आमचा आग्रह असतो.

हीटसिंकची उंची आम्ही काटकसर म्हणून कमी ठेवलेली नाही. नेहमीचे स्पेसर (दोन बोर्डांमधले आधारखांब) वापरले, तर पाय आणि हॅट यांच्यामध्ये साधारण ११ मिलिमीटर अंतर उरते, आणि त्यातही हॅटच्या खालच्या बाजूने सोल्डर केलेल्या पिनांची टोके बाहेर आलेली असतात. उंच धातूचा ठोकळा त्या टोकांना टेकला, तर शॉर्ट सर्किट होऊन दोन्ही बोर्ड निकामी होऊ शकतात. त्यामुळे उष्णता वरच्या दिशेने न नेता कडेच्या भिंतींकडे वळवावी लागते, आणि हॅटखाली गरम हवा कोंडू नये म्हणून तळाला व झाकणाला दोन्हीकडे छिद्रे द्यावी लागतात. केस आडवी न ठेवता एका कडेवर उभी ठेवली, तर हवा सहज वर चढते आणि तापमान आणखी उतरते. आपण हा प्रयोग अवश्य करावा.

आता पंख्याविषयी, कारण अभिप्रायाचा खरा रोख तिकडेच आहे. पंखा लावल्यावर डॅक बंद पडला, यावरून आपण केसमुळे हॅट खराब झाल्याचा अंदाज बांधला आहे. आपण लिहिलेल्या वर्णनाप्रमाणे तो पंखा नियंत्रक बोर्डासह येतो आणि त्याचा वेग जीपीआयओ १८ या पिनेवरून (जीपीआयओ म्हणजे पायच्या बाहेरील जोडणीच्या पिना) बदलतो. पंख्यासाठी ही पिन निवडली जाण्याचे कारण असे की चाळीस पिनांच्या पट्टीवर हार्डवेअर पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारे विद्युत स्पंद) केवळ १२, १३, १८ आणि १९ या क्रमांकांवर मिळते. परंतु डॅक हॅट ज्या आय-टू-एस या डिजिटल ध्वनीच्या मार्गाने आवाज घेतो, त्याचे बिट क्लॉक (प्रत्येक बिटची वेळ ठरवणारे घड्याळ) हेही १८ वरच असते, डाव्या-उजव्या चॅनलची खूण १९ वर आणि प्रत्यक्ष ध्वनी २१ वर. पंख्याच्या सॉफ्टवेअरने १८ ताब्यात घेतली की डॅकचे घड्याळच थांबते आणि आवाज येत नाही. हॅट शाबूत असण्याचीच शक्यता अधिक आहे: नियंत्रक बोर्ड काढावा, त्याचे सॉफ्टवेअर बंद करावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.

तरीही पंखा हवाच असेल, तर पायच्या अधिकृत ऑपरेटिंग सिस्टिमच्या (पाय ओएस) सेटिंगमध्ये पंख्याचा पर्याय आहे, त्यात पिन क्रमांक आपल्याला ठरवता येतो आणि मूळ क्रमांक १४ असतो. हॅट ती पिन वापरत नाही याची खात्री मात्र करून घ्यावी. साधा दोन तारांचा पंखा पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर जोडून हळू चालवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. ऑडिओ हॅट असताना आम्ही ती सुचवत नाही, कारण पंख्याच्या मोटरचा विद्युत गोंगाट डॅकच्याच पुरवठ्यात शिरतो. पंख्याला स्वतंत्र ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर देणे हा त्याहून बरा मार्ग आहे. पंख्याचा कानाला ऐकू येणारा आवाज त्यानेही जात नाही, आणि शांत संगीत ऐकणाऱ्याला तोच सर्वांत आधी खटकतो. आम्ही या केसमध्ये पंखा दिला नाही तो याच कारणासाठी.

आपण सर्व संगीत ३८४ किलोहर्ट्झपर्यंत अपसॅम्पल करता, म्हणजे ध्वनीचे दर सेकंदाचे नमुने गणिताने वाढवता, हेही आपण लिहिले आहे. फ्लॅक (दर्जा न गमावता आकसलेली संगीताची) फाइल नुसती वाजवण्याचा भार पाय ४ ला नगण्य असतो. तापमान वाढते ते अपसॅम्पलिंग आणि खोलीच्या ध्वनिदुरुस्तीचे फिल्टर यांमुळे. आपल्या हॅटवरील पीसीएम५१२२ या डॅक चिपमध्ये स्वतःचा ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर, म्हणजे नमुने वाढवण्याचे तसेच काम करणारा भाग, असतोच, तेव्हा अपसॅम्पलिंग बंद करून एकदा ऐकून पाहावे. आवाजात फरक जाणवला नाही, तर तेवढी उष्णता निर्माण करण्याचे कारणच उरत नाही.

ही केस प्रत्येक जुळणीला योग्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. स्पीकर थेट चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर हॅट स्वतः तापतो, त्यासाठी वरून मोकळी केस घ्यावी. पाय ५ वर पंख्यासाठी वेगळे चार पिनांचे सॉकेट आहे, त्यामुळे १८ चा तंटा तेथे उद्भवत नाही आणि अधिकृत अ‍ॅक्टिव्ह कूलरचा पंखा ५० अंशांखाली बंदच राहतो. मात्र त्या कूलरवर हॅट बसवायला १६ मिलिमीटरचे स्पेसर आणि लांब पिनांचे हेडर (पिनांची जोडपट्टी) लागते.

वाय-फायचा अँटेना बोर्डावरच, एसडी कार्डाकडच्या टोकाला असतो आणि धातू त्याचा सिग्नल अडवतो. लॅन केबल जोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. केबल ओढणे शक्य नसेल, तर याच केसचे प्लास्टिकचे झाकण आम्ही आपल्याला विनामूल्य पाठवू. उष्णता भिंतींतून जात असल्यामुळे झाकण बदलल्याने थंडाव्यात विशेष फरक पडणार नाही. आपण ऑर्डर क्रमांक संदेशाद्वारे कळवावा, आणि नियंत्रक बोर्ड काढल्यावरही डॅक सुरू झाला नाही, तर तेही त्याच संदेशात लिहावे, म्हणजे हॅट तपासणीसाठी मागवून घेता येईल.