५६ अंशांचं ऊन

३० मे २०२४. नागपूरच्या घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: नागपूर ५६ अंश! रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा होता, टीव्हीवरही झळकत होता. मी लिहिलं, "काका, जगातला विक्रम ५६.७ अंशांचा, १९१३ सालचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा. आपण तिथवर पोचलो असतो, तर दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४च्या आसपासच कसा?" काकांचं उत्तर आलं, "तू तिकडे गारव्यात बसून आमचं ऊन मोजून राहिला का?"

पुढे हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तोवर ग्रुपवर ऊन बाजूलाच पडलं होतं. मी नागपूर विसरलो की काय, यावरच सगळे बोलत होते. काकांचा राग मला कळतो. ४४ अंशही जीव घेतात, आणि ते ऊन काका सोसत होते, मी नाही. पण आकड्यावरची शंका माणसावरची शंका ठरते, तिथे आपलं गाडं अडतं.

इकडे जर्मनीत माझी मुलगी शाळेत 'एरॉर्टरुंग' शिकते, म्हणजे वादाच्या प्रश्नावरचा निबंध. त्याची एक रीत वाळूच्या घड्याळासारखी आहे: आधी विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, मग उतरत्या क्रमानं बाकीचे, नंतर आपला सर्वांत लंगडा मुद्दा, आणि चढत चढत शेवटी सर्वांत पक्का. शाळेतली मोबाइलबंदी तिला अजिबात मान्य नाही, तरी पहिलं पान तिला बंदीच्या बाजूनं लिहावं लागलं. बाईंनी समासात एकच शब्द लिहिला होता: पुरावा?

म्हणून इथली माणसं शहाणी, असं नाही. गुणाचा ठोस पुरावा नसलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या इथल्या औषधांच्या दुकानांत बिनदिक्कत विकल्या जातात. आणि आपल्याकडे? १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेबांनी अभ्यास आणि विचार करत २१ वर्षं घेतली, तेव्हा कुठे १९५६ साली दीक्षाभूमी घडली. तोलून-मापून निर्णय कसा घ्यावा हे ज्या शहराच्या डोळ्यांदेखत घडलं, त्याला ते बाहेरून आणायची गरज नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे. त्यासाठी तास कुठून काढायचा, असं नागपूरचे माझे शिक्षक मित्र विचारतात. मला वाटतं, वेगळा विषय नकोच. मराठीचा वैचारिक निबंध आहे की! फक्त 'मोबाइल: शाप की वरदान' गाइडमधून पाठ होतो आणि शेवटी 'सारं वापरणाऱ्यावर अवलंबून' येऊन थांबतो.

परवा पुतण्याला फोनवर म्हटलं, ज्याच्याशी तुझं पटत नाही त्याची बाजू आधी लिही. तो म्हणाला, "काका, मार्क कापले म्हणजे?" त्याची भीती खरी आहे. निबंधाच्या गुणांतले निदान दोन, विरोधी मुद्दा प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल राखून ठेवा. सुरुवात पेपर तपासण्यापासूनच करावी लागेल.