गाळलेली चार नावे आणि नऊ वर्षांची चूक

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातील एका कारकुनी घराण्यावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल, त्याच घराण्याचे वंशज या नात्याने, आपण सविस्तर आणि काहीसे रागावून लिहिले आहे. लेखातील एक साल अशक्य आहे, आपल्या वंशावळीतील चार पुरुष मी परस्पर गाळले, आणि आयुष्यभर बातम्या लिहिलेल्या माणसाने इतिहासकाराचा आव आणू नये, असे आपले म्हणणे आहे.

सालाबाबत आपण पूर्णपणे बरोबर आहात. नागपूरकर मुधोजी भोसल्यांच्या आज्ञेने दिलेला कागद मी १७८९-९० चा म्हणून छापला. मुधोजी तर १७८८ मध्येच वारले होते. कागदावर मोडीत नुसते 'सन ११९०' एवढेच आहे आणि तो शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी अरबी कालगणना, समजून इसवी सन काढण्यासाठी मी त्यात ५९९ मिळवले. शुहूर सन बहुधा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, त्यामुळे आकडे दिसताच फसली, म्हणजे महसुली सन, धरून पाहणे हे माझे पहिले काम होते. तसे ५९० मिळवले की १७८०-८१ हे साल निघते आणि मुधोजी हयात असतात. लेखात आजच दुरुस्ती केली असून ती आपल्यामुळे झाली, असेही तेथे लिहिले आहे.

चार नावांबद्दल मात्र मला माघार घेता येत नाही. मूळ पुरुष पहिल्या रघुजी भोसल्यांबरोबर नागपुरात आले, ही आपल्या घरची आठवण आहे. ती जशीच्या तशी खरी मानू आणि त्या वेळी, म्हणजे १७४३ मध्ये, त्यांचे वय पंचवीस धरू, म्हणजे जन्म १७१८ च्या सुमाराचा. आपल्या पणजोबांचा जन्म १८८९ चा. मधल्या १७१ वर्षांत आपण नऊ नावे देता. म्हणजे दहा पिढ्या ओळीने प्रत्येक बाप सतराव्या वर्षी बाप झाला, तोही थोरल्याच मुलाचा. बालविवाहाच्या काळात असे एखाद्या पिढीत घडेल, दहा पिढ्या सलग घडणे कठीण. शिवाय मी वगळलेली चार नावे महादेव, नारायण, महादेव, नारायण अशी आहेत आणि नेमकी हीच जोडी त्यांच्या वर आधीच येऊन गेली आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने नावे फिरून येतात हे खरे. पण नक्कल करणाऱ्याची नजरही अशाच जागी घसरते, आणि उपाध्यायांच्या वहीत एकाखाली एक लिहिलेले सख्खे भाऊ पुढच्या नकलेत बापलेक होऊन बसतात. पाच नावे ठेवली की पिढीचे अंतर साधारण साडेअठ्ठावीस वर्षांवर येते. ती चार नावे मी खोटी म्हटलेली नाहीत. पुरावा मिळेपर्यंत बाजूला ठेवली आहेत, एवढेच.

पणजोबांचे १८८९ हे सालसुद्धा आयते हाती आलेले नाही. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, त्या ओळीत तारीख आहे, बापाचे नाव आहे, जात आहे आणि पुढे फक्त 'मुलगा'. बारसे व्हायच्या आधीच नोंद झाल्यावर नाव येणार कोठून? तो मुलगा म्हणजे आपले पणजोबाच, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारीख जुळली तेव्हा ठरले. जात पडताळणीसाठी १९५० किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा शोधणारी माणसे हीच बुके घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्या एका शब्दापाशी त्यांचा चेहरा पडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

राहिला पत्रकारितेचा मुद्दा. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे निधन वार्तांचा रकाना होता. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, नातवंडे असा आप्तपरिवार आहे' हे वाक्य मी किती वेळा लिहिले याची गणती नाही. वंशावळीचा छंद तेथेच लागला, कारण त्या चार ओळींत एका घराच्या तीन पिढ्या असत, आणि लग्न झालेल्या मुलींची माहेरची नावे मात्र कोठेच नसत. एकदा मी मोक्षधामऐवजी गंगाबाई घाट छापले. मंडळी एका घाटावर ताटकळत राहिली आणि अंत्यविधी दुसरीकडे उरकला. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी कार्यालयात येऊन, आवाज न चढवता, मला जे सुनावले ते आजही आठवते. तेव्हापासून ऐकलेली गोष्ट मी 'असे सांगतात' म्हणूनच लिहितो. आपल्या आठवणीला मी 'ऐकीव' म्हटले त्याचे आपल्याला वाईट वाटले. तो शब्द मी बदलतो, 'घरची आठवण' लिहितो, पण तिला दप्तराच्या रांगेत बसवत नाही.

आपल्या देवघरातील पोथीच्या शेवटच्या पानांवर मोडीत पुरुषांची नावे आहेत, असे आपण ओघात लिहून गेला आहात. संपूर्ण प्रतिक्रियेत मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे वाक्य. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी मी भिंग घेऊन येतो. ते हस्ताक्षर एकाच हाताचे असले आणि ती चार नावे त्यात निघाली, तर आपल्यासमोरच लेखात घालू. तोवर कृपा करून ती पाने लॅमिनेट करून घेऊ नका.